पानशेत ते पुणे रोजचं जाणं-येणं: इलेक्ट्रिक कार घ्यावी का? आधी घरच्या मीटरपाशी हिशोब करा

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. पेट्रोल शंभरच्या पुढे गेलंय, रोज पुण्याला जावं लागतं, मग आता इलेक्ट्रिक कार घेऊन टाकावी का? पालक सभेनंतर कोणी विचारतं, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर कोणी विचारतं, लग्नाच्या दावतीत तर दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "फुकटात फिरते." दुसरा म्हणतो, "रस्त्यात बंद पडली की ढकलत आणा." दोन्ही बाजूंना ऐकीव माहिती जास्त आणि आकडे कमी असतात.

या लेखात आपण पानशेत-पुणे हा एकच रस्ता समोर ठेवून हिशोब करू. पानशेत स्वारगेटपासून साधारण ४० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ८०. पानशेत, खानापूर, डोणजे या पट्ट्यातून नोकरीला, कॉलेजला, दुकानाचा माल आणायला किंवा दवाखान्यात पुण्याला जाणारे बरेच आहेत. कोंढव्यात किंवा कॅम्पात राहून रोज इकडे कामावर येणारेही आहेत. इलेक्ट्रिक कार परवडते की नाही, याचं उत्तर या सगळ्यांसाठी एक नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं: महिन्याला गाडी किती किलोमीटर चालते, ती रात्री कुठल्या प्लगला लागणार, आणि घ्यायला पैसा कुठून येणार.

पहिला प्रश्न: महिन्याचे किलोमीटर किती?

इलेक्ट्रिक कार घेताना महाग असते, चालवताना स्वस्त पडते. चालवाल तेवढा फायदा. उभी ठेवली तर जास्तीची रक्कम नुसतीच अडकून पडते.

आधी वीज किती लागते ते बघू. छोटी इलेक्ट्रिक कार, उदाहरणार्थ २४ युनिट क्षमतेची बॅटरी असलेली टाटा टियागो ईव्ही, मीटरवरच्या एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते असं धरू. कंपनीचे आकडे याहून बरेच मोठे असतात, पण ते चाचणीतले आकडे. आपल्या रस्त्यावर एसी असतो, चढ असतो, वडगाव-धायरीची गर्दी असते, आणि चार्ज होताना थोडी वीज वायाही जाते. म्हणून हात राखून ७ धरलेले बरे.

रोज ८० किलोमीटर आणि महिन्यात २५ दिवस, म्हणजे महिन्याला २,००० किलोमीटर. त्याला साधारण २८६ युनिट लागतील.

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. "युनिट सहा रुपयांना, म्हणजे सतराशे रुपयांत महिना निघाला!" असं नाही होत. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. तुमचं घर आधीच ९० युनिट वापरत असेल तर स्वस्त टप्प्यात गाडीसाठी फक्त १० युनिट उरतात. बाकीची सगळी वीज वरच्या दरांनी मिळते.

हिशोबासाठी वहन आकार धरून पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला साडेअकरा आणि तिसऱ्याला साडेपंधरा असे ढोबळ दर धरू. आजचे नेमके दर तुमच्या बिलावर छापलेले असतात, ते घालून पुन्हा करा.

पहिल्या टप्प्यातले १० युनिट: ६० रुपये.
दुसऱ्या टप्प्यातले २०० युनिट: २,३०० रुपये.
तिसऱ्या टप्प्यातले ७६ युनिट: १,१७८ रुपये.
बेरीज ३,५३८. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की साधारण ४,१०० रुपये.

म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या थोडं वर. फुकट नक्कीच नाही. आता बाकीच्या गाड्यांशी तुलना करू.

पेट्रोल कार लिटरला १७ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये आहे असं धरलं, तर २,००० किलोमीटरला साधारण १२,२०० रुपये लागतात. सीएनजी कार किलोला २४ किलोमीटर आणि गॅस ९० रुपये धरला, तर साधारण ७,५०० रुपये.

म्हणजे इलेक्ट्रिकने पेट्रोलपेक्षा महिन्याला ८,१०० रुपये वाचतात, आणि सीएनजीपेक्षा ३,४०० रुपये. सीएनजीच्या रांगेत जाणारा वेळ वेगळा.

आता किंमत. त्याच आकाराच्या पेट्रोल कारपेक्षा इलेक्ट्रिक रस्त्यावर येईपर्यंत ३ लाखांनी महाग पडते असं समजू, आणि सीएनजीपेक्षा २ लाखांनी. मग हिशोब असा:

रोज ८० किलोमीटर चालवणाऱ्याचे पेट्रोलच्या तुलनेत जास्तीचे ३ लाख सुमारे ३७ महिन्यांत, म्हणजे तीन वर्षांत वसूल होतात.
सीएनजीच्या तुलनेत जास्तीचे २ लाख वसूल व्हायला सुमारे ५९ महिने, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं लागतात.

आणि जो पुण्याला जातच नाही, शाळा, दुकान, खानापूरचा बाजार मिळून रोज २० किलोमीटर फिरतो, त्याचं काय? त्याची महिन्याची धाव ५०० किलोमीटर. पेट्रोलला साधारण ३,०५० रुपये, विजेला साधारण ९००. वाचले सव्वादोन हजारांच्या आत. तेच ३ लाख वसूल व्हायला त्याला अकरा वर्षांहून जास्त लागतील. एवढ्या वर्षांत गाडीही म्हातारी होते.

गाडी तीच आणि रस्ताही तोच, पण एका घराला तीन वर्षांत पैसे परत मिळतात आणि दुसऱ्याला अकरा वर्षं थांबावं लागतं. म्हणून शेजाऱ्याने घेतली एवढ्यावर आपण घ्यायची नाही. चांगली चालणारी जुनी गाडी दारात असेल आणि धाव कमी असेल, तर ती मोडीत काढून नवी आणणं हा सरळ इस्राफ आहे, गाडी कितीही "ग्रीन" असली तरी.

दुसरा प्रश्न: रात्री गाडी कुठे लागणार?

इलेक्ट्रिक कारचा खरा पंप म्हणजे आपलं घर. केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे की घरी स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. गिझर किंवा एसीला असतो तसा १५-१६ अँपिअरचा प्लग पुरतो. त्यावर गाडी तासाला साधारण ३ युनिट घेते. रोजच्या ८० किलोमीटरला साडेअकरा युनिट, म्हणजे चार तास. रात्री दहाला लावली तर दोनपर्यंत काम झालं. रमजानमध्ये सेहरीला उठाल तेव्हा गाडी भरलेली असेल.

पण हा प्लग नुसता भिंतीत असून चालत नाही. चार गोष्टी आधी तपासा.

अर्थिंग. जुन्या घरांत ती नावाला असते किंवा नसतेच. अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जच होत नाहीत, चार्जरवर लाल दिवा दाखवतात. हा गाडीचा दोष नाही, तुमच्या सुरक्षेसाठीच ती सोय आहे. खड्डा खणून नवी अर्थिंग करून घ्या.

वायर. मीटरपासून प्लगपर्यंत जाड तांब्याची वेगळी वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. चार-चार तास सलग पूर्ण भार ओढला जातो, पातळ वायर तापते. एक्स्टेन्शन बोर्ड लावून खिडकीतून वायर सोडणं हा आगीला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

मंजूर भार. बिलावर लिहिलेला असतो. तो एक किलोवॉट असेल आणि तुम्ही तीनची गाडी लावणार असाल, तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज आधी करा. गाडी चार्जिंगसाठी वेगळा वीजदर गटही आहे. त्यासाठी स्वतंत्र जोडणी घेतली तर टप्प्यांची भानगड टळते, पण तिचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. महिन्याला २८६ युनिट वापरणाऱ्याने दोन्ही हिशोब मांडून बघावेत. ७० युनिट वापरणाऱ्याला बहुधा घरचं मीटरच पुरे.

व्होल्टेज. संध्याकाळी गावात दिवे मंद होत असतील तर गाडीही हळू चार्ज होईल किंवा मधेच थांबेल. मध्यरात्रीनंतरची वेळ लावा. बहुतेक गाड्यांत किंवा त्यांच्या ॲपमध्ये तशी सोय असते.

कोंढव्याकडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. तिथे वीज आहे, पण पार्किंग स्वतःचं आहे का? खालपर्यंत वायर आणायला सोसायटी हो म्हणेल का? ज्यांची गाडी गल्लीत रस्त्याकडेला उभी राहते, त्यांनी रोजच्या वापरासाठी इलेक्ट्रिकचा विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला घरच्यापेक्षा सहसा जास्त पैसे पडतात, वर तासभर थांबावं लागतं. मग पेट्रोलशी असलेला फरकही कमी होतो आणि सीएनजीशी तर जवळजवळ बरोबरी होते. सोसायटीचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय बुकिंगचे पैसे देऊ नका.

पावसाळ्यात लाईट गेली तर?

आपल्याकडचा खरा प्रश्न हा आहे. शहरातल्या लेखांत तो सापडत नाही. जून ते सप्टेंबर वेल्हे-पानशेत पट्ट्यात पाऊस कोसळतो, झाडं तारांवर पडतात, आणि लाईट कधी तासाने येते, कधी दुसऱ्या दिवशी.

इथे थोडं गणित धीर देतं. २४ युनिटची बॅटरी पूर्ण भरली की आपल्या रस्त्यावर साधारण १८० किलोमीटर धरायला हरकत नाही. रोज ८० लागतात. म्हणजे एक रात्र लाईट नसली तरी दुसरा दिवस निघतो. दुसऱ्या रात्रीही नसली तर मात्र अडचण. म्हणून पावसाळ्यात गाडी रोज लावायची, अर्धी होईपर्यंत थांबायचं नाही. आणि निदान ५० किलोमीटरची शिल्लक कायम ठेवायची, म्हणजे सिंहगड रोड गाठून पुण्यात फास्ट चार्जरवर भरता येईल. खडकवासल्याच्या वर सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर राहू नका. नकाशात दिसला तरी तो चालू आहे का हे फोन करून विचारा. मोबाईलचं नेटवर्क गेलं की ॲपवर चालणारा चार्जरही कामाचा नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज करता येईल का, असंही विचारतात. नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत मिळून पावणेदोन-दोन युनिटच वीज असते. ती सगळी ओतली तरी गाडी खडकवासल्यापर्यंतही पोचणार नाही, आणि तीन किलोवॉटचा भार इन्व्हर्टर झेपवूही शकत नाही.

पाण्याची भीतीही असते. आजच्या गाड्यांच्या बॅटरीला सहसा आयपी ६७ दर्जा असतो. म्हणजे चाचणीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पाऊस किंवा रस्त्यावरचं थोडं पाणी याने काही होत नाही. पण ओढ्याला पूर आलेला असताना कोणतीच गाडी घालायची नाही. बॅटरी वाचली तरी वाहतं पाणी गाडी उचलून नेतं.

घाटाचं काय? पाबे घाट चढताना बॅटरी झपाट्याने उतरते हे खरं. पण उतरताना मोटर उलटी चालून ब्रेकचं काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते. चढताना गेलेलं सगळं परत येत नाही, काही भाग येतो. ब्रेकही कमी झिजतात. मात्र बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागा नसते आणि तो ब्रेक कमी लागतो. घाट उतरायचा असेल त्या दिवशी ९० टक्क्यांवर थांबवलेलं चांगलं.

तिसरा प्रश्न: पैसा कुठून येणार?

आपल्या बऱ्याच घरांत व्याजाच्या कर्जापासून लांब राहण्याचा प्रयत्न असतो. इलेक्ट्रिक कारच्या बाबतीत ही गोष्ट जास्त जाणवते, कारण तिचा सगळा भार सुरुवातीलाच येतो.

आधी व्याजाने काय होतं ते आकड्यांत बघा. फक्त ते जास्तीचे ३ लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण ६,२३० रुपये. एकूण परतफेड ३ लाख ७३ हजारांच्या पुढे. म्हणजे ७३ हजारांहून जास्त नुसतं व्याज. मघाशी ३७ महिन्यांत वसूल होणारी रक्कम आता ४६ महिने घेते. शोरूममध्ये "पेट्रोलच्या बचतीतून हप्ता निघतो" असं सांगतात, तेव्हा ही ओळ सांगत नाहीत.

व्याज टाळायचं तर रस्ते आहेत, पण सगळ्यांना थोडा सब्र लागतो. घरातलीच भिशी. भावाबहिणींकडून किंवा सासरकडून कर्ज-ए-हसना, आणि तेही लेखी, साक्षीदारांसह, परतीची तारीख घालून. उधारी लिहून ठेवण्याची ताकीद कुराणातच आहे, नात्यात लाज वाटायचं कारण नाही. तिसरा रस्ता वापरलेल्या गाडीचा. टाटाच्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांवर बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, अशी आली. तीन वर्षं चाललेली गाडी घेताना उरलेली वॉरंटी तुमच्या नावावर होईल का आणि बॅटरीची तब्येत किती टक्के आहे, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. सात-आठ वर्षांनी बॅटरी तीन चतुर्थांश उरली तरी १३५ किलोमीटर मिळतात, आपल्याला ८० हवेत.

बॅटरी भाड्याने आणि गाडी विकत, अशाही योजना आल्या आहेत. गाडीची किंमत कमी दिसते आणि किलोमीटरमागे पैसे द्यावे लागतात. यात दोन गोष्टी विचारा. करार भाड्याचा आहे की फायनान्स कंपनीच्या कर्जाचा? आणि महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतील? कागद घरी आणा, वाचा, शंका वाटली तर जाणकार आलिमांचा मशवरा घ्या. मग सही.

सवलतीही मोजा. इलेक्ट्रिक कारवर जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे फरक पूर्वीइतका राहिला नाही. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. मुंबईला वारंवार जाणाऱ्यांना ती कामाची, पानशेत-पुणे करणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

सोलर असेल तर चित्र बदलतं

स्वतःचं छत असलेल्या घरांनी हा भाग लक्षात घ्यावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सोलरला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. ३ किलोवॉटमधून वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला सव्वातीनशे-साडेतीनशे युनिट मिळतात. गाडी दिवसा पुण्यात आणि ऊन घरावर, मग उपयोग काय? नेट मीटरिंगमध्ये दिवसाची जास्तीची वीज ग्रीडला जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. आपल्याकडे पावसाळ्यात उत्पादन खूप उतरतं हे मात्र धरून चाला. आणि साधं सोलर लाईट गेल्यावर बंदच पडतं, त्यामुळे ते बिल कमी करतं, अंधारात गाडी चार्ज करत नाही.

प्रदूषणाबद्दलही खरं ते बोलू. राज्याची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. गाडीच्या मागे धूर नसतो म्हणून धूर कुठेच होत नाही असं नाही. तरी शाळेच्या फाटकाजवळ आणि सिंहगड रोडच्या गर्दीत मुलांच्या नाकात जाणारा धूर कमी होतो, आणि छतावरची वीज असेल तर फायदा अजून खरा.

घरात बसून करायची कामं

गाडी बघायला जायच्या आधी एक महिना वही ठेवा. रोजचे किलोमीटर, पेट्रोलचे पैसे, आणि लाईट कधी, किती वेळ गेली. तीनही रकाने भरा. पावसाळ्यातला महिना मिळाला तर उत्तम.

वर्षात दीडशे किलोमीटरच्या पुढे किती वेळा जाता तेही लिहा. सोलापूरचं लग्न, मुंबईची तपासणी, उन्हाळ्यातलं माहेर. असे चार-सहाच प्रवास असतील तर त्या दिवशी भाड्याची गाडी परवडते. दर पंधरवड्याला असतील आणि घरात ही एकच कार असेल, तर छोट्या बॅटरीची गाडी जाच करेल.

रोज एकटेच जात असाल तर कारची गरज आहे का, हेही विचारा. पुण्यात पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस २०१९ पासून धावतात. खडकवासल्यापर्यंत दुचाकी आणि पुढे बस हा हिशोब कारपेक्षा केव्हाही स्वस्त.

वहीचा निकाल वाचायला सोपा आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या पुढे धाव, स्वतःचं पार्किंग, चांगली अर्थिंग आणि पैशाची बिनव्याजी सोय, या चारही गोष्टी असतील तर पानशेत-पुणे रस्त्यावर इलेक्ट्रिक कार घ्यायला हरकत नाही. यातली एक कमी असेल तर आधी ती दुरुस्त करा, गाडी सहा महिने थांबू शकते. दोन कमी असतील तर सध्याची गाडीच सर्व्हिसिंग करून चालवा, आणि वाचलेले पैसे भिशीत टाका. वायरमनला बोलावून अर्थिंग मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. गाडी येवो न येवो, घरात लेकरंबाळं आहेत.